गंगाधरपंत, आर्थर डेंट आणि रिकामी खुर्ची

विज्ञानकथा वाचणाऱ्या माणसाला एकदा विचारून बघा, की बाबा रे, इतक्या गोष्टी वाचल्यास, त्यातला तू कोण? गंभीर कथांचा विषय असेल तर तो जरा घुटमळतो. कॅप्टन नेमो व्हायला कुणाला आवडणार नाही? पण आपण नेमो नाही हे आपल्याला ठाऊक असतं, आणि आपल्या बायकोला त्याहून पक्कं ठाऊक असतं. विनोदी विज्ञानकथेचं नाव काढलं की मात्र उत्तर जिभेवर तयार असतं, आणि ते देताना माणूस हसतो. मला गंमत याची वाटते की हे उत्तर भाषेगणिक बदलतं.

मी राहतो सिंगापूरला, क्लेमेंटीत. बेटाच्या पश्चिमेकडची ही वसाहत. मेट्रो इथे १९८८ साली आली, विद्यापीठही जवळच, त्यामुळे आसपास विद्यार्थी आणि इंजिनियर यांचा सुकाळ. आमचा असाच एक कंपू शनिवारी सकाळी ब्लॉक ४४८ च्या हॉकर सेंटरमध्ये कॉफीला बसतो. (हॉकर सेंटर म्हणजे सरकारने एका छपराखाली आणलेल्या खाण्याच्या गाड्या. स्वच्छ, स्वस्त, आणि बसायला टेबल मिळालं तर नशीब.) कंपूत एक चिनी सिंगापुरी, एक तिरुचिरापल्लीचा, एक कोलकात्याचा, एक लखनौचा आणि मी मिरजेचा. एकदा हा प्रश्न मीच टेबलावर टाकला. चिनी मित्र म्हणाला, मार्विन. तामिळ मित्र म्हणाला, जीनो. बंगाली मित्राने दोन नावं घेतली आणि त्यातलं श्रेष्ठ कोण यावर स्वतःशीच वाद घातला. मी म्हणालो, गंगाधरपंत गायतोंडे. हे नाव ऐकून टेबलावरचं कोण दचकलं ते पुढे सांगतो. आधी थोडा इतिहास.

ज्यूल व्हर्नने १८६५ साली माणसं तोफेच्या गोळ्यात बसवून चंद्राकडे धाडली. गोळ्यात तिघे. बार्बिकेन आणि निकोल हे दोघे जाणकार. एक तोफांमधला, दुसरा चिलखतांमधला. तिसरा मिशेल आर्दां नावाचा हौशी फ्रेंच माणूस. त्या काळचे पॅरिसचे प्रसिद्ध छायाचित्रकार आणि बलूनबहाद्दर नादार यांच्या नावातली अक्षरं उलटीपालटी करून व्हर्नने हे नाव बनवलं होतं. १८७० साली आलेल्या पुढच्या भागात हा पठ्ठ्या गोळ्यात गुपचूप कोंबडा आणि कोंबड्या घालून आणतो. मी पुस्तक वाचलं त्याला आता चाळीस वर्षं होतील. बार्बिकेनचं गणित पार विसरलो, कोंबड्या लक्षात आहेत. पण तेव्हा आर्दां हा जोडीदार होता. शहाण्यांच्या सोबतीला एक गमत्या, आपल्या नाटकातल्या विदूषकासारखा. गोष्ट चालायची ती शहाण्यांच्या जोरावर.

हा चंद्रप्रवास मराठीत आला तो ‘केरळ कोकिळ’ मासिकातून, १९०० साली. मासिक सुरू केलं होतं कृष्णाजी नारायण आठल्ये यांनी, आणि तेही कोचीनहून. म्हणजे मराठीत विज्ञानकथेने पाऊल ठेवलं ते मुळात परमुलखात राहिलेल्या मराठी माणसाच्या मासिकातून. आम्हा परदेशस्थांना याचा उगाचच अभिमान वाटतो. पुढे भा. रा. भागवतांनी ‘चंद्रावर स्वारी’, ‘मुक्काम शेंडेनक्षत्र’ अशी व्हर्नची पुस्तकं आमच्या पिढीच्या हातात दिली. भागवतांची भाषा अशी होती की फ्रेंच माणसंही सदाशिव पेठेत वाढल्यासारखी बोलायची. त्यांचा फास्टर फेणे जास्त गाजला हे खरं, पण चंद्राची गोडी आम्हाला लागली ती भागवतांच्या व्हर्नमुळेच.

विसाव्या शतकाच्या मध्यावर मात्र एक बदल झाला. जोडीदार असलेला हा गमत्या पुढे येऊन नायकाच्या जागी बसला. बंगालीत प्रेमेंद्र मित्रांचा घनादा १९४५ साली अवतरला. बहात्तर नंबर बनमाली नस्कर लेनच्या मेसमध्ये राहायचं, शिशिरच्या सिगरेटी उसन्या मागायच्या आणि पृथ्वी आपण कशी वाचवली त्याच्या थापा मारायच्या. पोलंडमध्ये स्तानिस्वाव लेमने इयोन तिखी नावाचा अंतराळवीर उभा केला; त्याच्या प्रवासांचं पुस्तक १९५७ चं. त्यातल्या एका सफरीत यानाचं सुकाणू मोडतं. दुरुस्तीला दोन माणसं लागतात आणि हा एकटा. मग यान काळाच्या भोवऱ्यात सापडतं आणि सोमवारचा तिखी, मंगळवारचा तिखी, बुधवारचा तिखी असे सगळे एकाच यानात गोळा होतात. आता माणसांना तोटा नाही. पण काम कोण करणार यावर जे भांडण जुंपतं ते वाचताना मला आमच्या मिरजेच्या सोसायटीची वार्षिक सभा आठवली. १९६१ साली सत्यजित राय यांनी ‘संदेश’मध्ये प्रोफेसर शंकूची पहिली गोष्ट लिहिली. शंकू शास्त्रज्ञ खरा, पण मंगळावर जाताना बरोबर नोकर प्रह्लाद, मांजर न्यूटन आणि विधुशेखर नावाचा यंत्रमानव. म्हणजे सगळं बिऱ्हाडच. आमच्या बंगाली मित्राची दोन नावं ती हीच, घनादा आणि शंकू.

मग ८ मार्च १९७८ ला बीबीसी रेडिओ फोरवर डग्लस ॲडम्सची ‘हिचहायकर्स गाइड टु द गॅलॅक्सी’ ही मालिका सुरू झाली. पुस्तक पुढच्या वर्षी आलं. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आर्थर डेंट नावाचा एक साधा इंग्रज माणूस सकाळी उठतो तर दारात बुलडोझर. रस्त्याच्या बायपाससाठी त्याचं घर पाडायचं आहे. योजनेचा आराखडा म्हणे कधीपासून जाहीर लावलेला होता. कुठे? तर तळघरात, बंद पडलेल्या संडासात ठेवलेल्या कुलूपबंद कपाटात. तलाठी कार्यालयाची पायरी एकदा तरी चढलेल्या माणसाला यात काडीची अतिशयोक्ती वाटणार नाही. आर्थर चिखलात बुलडोझरसमोर आडवा पडतो. तेवढ्यात आकाशात परग्रहावरची यानं येतात आणि कळतं की अंतराळातल्या बायपाससाठी सबंध पृथ्वीच पाडायची आहे. नोटीस पन्नास वर्षांपूर्वीच शेजारच्या ताऱ्यावर लावली होती, तुम्ही जाऊन बघितली नाहीत हा तुमचा दोष.

इंग्रज वाचक आर्थरला मध्यमवर्गीय सज्जन म्हणून ओळखतो. मला विचाराल तर आर्थर हा प्रकल्पग्रस्त आहे. कोयनेचं पाणी ज्यांच्या गावावर चढलं त्यांना ही गोष्ट नुसती वाचून दाखवा, पुढचा भाग ते तुम्हाला सांगतील. फरक इतकाच की आर्थरचं पुनर्वसन होत नाही. अंगावर ड्रेसिंग गाऊन, तोंडात चहाची आठवण, आणि सगळ्या विश्वात चहा म्हणून जे मिळतं ते चहा सोडून बाकी सगळं असतं. तो जग वाचवत नाही. त्याला काही येतही नाही. १९९२ साली आलेल्या शेवटच्या पुस्तकात तो एका मागासलेल्या ग्रहावर जाऊन पडतो. तिथल्या लोकांना विमान, वीज, संगणक यांतलं काहीतरी शिकवावं असं त्याच्या मनात येतं, आणि लक्षात येतं की यातलं काहीच आपल्याला स्वतःला बनवता येत नाही. येतं फक्त सँडविच. मग तो त्या गावाचा सँडविचवाला होतो आणि बऱ्यापैकी मान मिळवतो. ॲडम्सने हे सगळं विनोदासाठी लिहिलं, पण आपण इंजिनियर आहोत असं समजणाऱ्या कुणीही ते प्रकरण वाचून रात्री जरा विचार करावा. मला ट्रान्झिस्टरचं समीकरण लिहिता येतं. ट्रान्झिस्टर बनवता येत नाही. पोहे येतात.

आपल्याकडे आर्थरचे भाऊबंद होतेच. चिं. वि. जोश्यांचे चिमणराव त्यातले. पु. लं.च्या ‘असा मी असामी’मधले धोंडोपंत तर अगदी सख्खे, कारण जग भराभर बदलत जातं आणि हा गृहस्थ भांबावून बघत राहतो ही गोष्ट दोघांची एकच. पण चिमणराव यानात बसले नाहीत आणि धोंडोपंत पृथ्वी सोडून गेले नाहीत. ते का, त्याकडे येतोच.

त्याआधी मार्विन. मार्विन हा त्याच मालिकेतला यंत्रमानव. बुद्धी अफाट, आणि हुकूम काय, तर जमिनीवर पडलेला कागद उचल, पाहुण्यांना घेऊन ये. त्यामुळे कायम उदास. ॲडम्सने तो बेतला अँड्र्यू मार्शल नावाच्या आपल्या एका लेखकमित्रावरून, आणि १९८१ साली मार्विनच्या आवाजात गाण्याची तबकडीसुद्धा निघाली. यंत्राला कंटाळा येतो ही कल्पना लोकांना इतकी का आवडली? माझ्या मते कारण सोपं आहे. नोकरी करणाऱ्या माणसाला आपली बुद्धी वाया चालली आहे असं रोज वाटत असतं. मार्विन ते तोंडावर बोलतो एवढंच. परदेशात आलेल्या इंजिनियरला तर जास्तच. मी इथे आलो तेव्हाच्या पहिल्या नोकरीत (कंपनीचं नाव नको) दीड वर्ष एक्सेलच्या चौकटींना रंग देत होतो. हिरवा म्हणजे झालं, पिवळा म्हणजे होईल, लाल म्हणजे बैठक. घरी आईला फोनवर सांगायचो, सेमीकंडक्टरमध्ये आहे. ते खोटंही नव्हतं.

तामिळ मित्राचा जीनो याच्या अगदी उलट. सुजाता या नावाने लिहिणारे एस. रंगराजन हे स्वतः इंजिनियर, बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समधले, आपल्या मतदान यंत्राच्या कामात सहभागी असलेले. त्यांच्या ‘एन इनिय इयंतिरा’ या कादंबरीत हुकूमशहाच्या राज्यातला भविष्यातला भारत आहे. नावंसुद्धा दोनच अक्षरांची ठेवायची असा नियम. आणि त्यात जीनो नावाचा यंत्रकुत्रा. घरात आणलेलं खेळणं ते, पण पुस्तकं वाचायला लागतं, आणि बघता बघता माणसांपेक्षा शहाणं होतं. ‘आनंद विकटन’मधून ही कादंबरी क्रमशः आली तेव्हा घराघरात अंक कुणी आधी वाचायचा यावरून मारामाऱ्या व्हायच्या, असं मित्र सांगतो. मी कादंबरी त्याच्याच तोंडून ऐकली आहे, दोन शनिवार लागले. त्याला विचारलं, माणसं इतकी असताना तू कुत्रा का निवडलास? म्हणाला, धाकटा भाऊ आहे मी. घरात मला कुणी विचारायचं नाही, मी कोपऱ्यात वाचत बसायचो.

आता ज्या देशात बसून हे लिहितोय तिथली एक जुनी हकिकत सांगतो, कारण ती याच मुद्द्याची आहे. १९९८ साली सिंगापूरच्या चॅनल फाइव्हवर ‘व्हीआर मॅन’ नावाची मालिका आली. देशाचा पहिला दूरदर्शनवरचा महानायक. व्हर्च्युअल रिॲलिटीची जादू, अंगाला चिकटलेला पोशाख, देखणा नट जेम्स लाय. लोक हसले. आणि हसवण्याचा तर मालिकेचा हेतू नव्हता! आजही इथल्या चाळिशीच्या माणसापुढे व्हीआर मॅनचं नाव काढा, तो कपाळाला हात लावतो. त्याच वाहिनीवर १९९७ पासून दुसरी एक मालिका चालू होती, घरदुरुस्तीच्या कंत्राटदाराची. फुआ चू कांग त्याचं नाव. पायात पिवळे गमबूट, गालावर तीळ, डोक्यावर कुरळ्यांचं टोपलं आणि तोंडात शुद्ध सिंग्लिश, म्हणजे चिनी-मलय वळणाची इथली रांगडी इंग्रजी. भूमिका गुरमीत सिंग या नटाची. हा कंत्राटदार इतका लोकप्रिय झाला की १९९९ साली पंतप्रधान गोह चोक टोंग यांना राष्ट्रीय दिनाच्या भाषणात सांगावं लागलं, की याने जरा इंग्रजी सुधारावी, मुलं त्याचं बघून बोलतात. मालिकेत पुढे त्याला खरंच इंग्रजीच्या शिकवणीला पाठवला. एका देशाचा पंतप्रधान एका काल्पनिक पात्राला अभ्यास कर म्हणून सांगतो, याहून मोठी दाद कुठल्या लेखकाला मिळाली असेल? भविष्यातला महानायक फुकट आणून दिला तरी लोकांनी घेतला नाही. त्यांना हवा होता गमबूटवाला. त्यांच्या घरची फरशी तोच बसवून गेला होता.

तर आता आपल्या मराठीकडे. चिमणराव यानात का बसले नाहीत?

मला वाटतं आपण विज्ञानकथेला फार लवकर शाळामास्तर करून टाकलं. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली निघाली, तिने पुढे विज्ञानरंजन कथास्पर्धा घेतल्या, त्यातून लेखक घडले, हे सगळं चांगलंच झालं. पण हेतू प्रबोधनाचा. त्यामुळे कथेत एक शास्त्रज्ञ असायचा आणि एक ऐकणारा. शास्त्रज्ञ चहाचा कप खाली ठेवायचा आणि दोन पानं समजावून सांगायचा. ऐकणाऱ्याचं काम मध्ये मध्ये ‘म्हणजे कसं?’ विचारायचं. वाचकाला त्या दोघांपैकी कुणीच आपलं वाटत नाही, कारण शास्त्रज्ञ फार हुशार आणि ऐकणारा फार सोयीस्कर. मी या कथांवर वाढलो, त्यांच्यामुळेच इंजिनियरिंगला गेलो, तरी हे म्हणतो.

याच स्पर्धेतून जयंत नारळीकर कथालेखक झाले ती गोष्ट पुष्कळांना माहीत असेल. १९७४ साली त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा टोपणनावाने पाठवली. आपल्या नावाची आद्याक्षरं उलटी करून नारायण विनायक जगताप, आणि परीक्षकांना हस्ताक्षर ओळखू येऊ नये म्हणून मंगलाताईंच्या हातचा कागद. पहिलं बक्षीस जगतापांना. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून दुर्गा भागवतांनी या नव्या लेखनाची दखल घेतली. नारळीकरांच्या बऱ्याचशा कथांत समजावून सांगणारा शास्त्रज्ञ आहेच. पण एका कथेत त्यांनी, जाणूनबुजून की सहज ते त्यांनाच ठाऊक, ऐकणाऱ्याला नायक केलं आणि त्याला एक मस्त खोड लावून दिली. ती कथा ‘गंगाधरपंतांचे पानिपत’.

गंगाधरपंत गायतोंडे पुण्याचे इतिहासाचे प्राध्यापक. नऊशे नव्व्याण्णव सभांचे अध्यक्ष झालेले, हजारावी सभा पानिपतावरच्या परिसंवादाची. पानिपतात मराठे जिंकले असते तर काय झालं असतं या विचारात चालत असताना त्यांना ट्रक धडकतो आणि पंत जाऊन पडतात ते मराठे जिंकलेल्या जगात. जिजामाता एक्सप्रेसने मुंबईला येतात. मुंबईत अजून ईस्ट इंडिया कंपनी ठाण मांडून बसलेली. एशियाटिकच्या ग्रंथालयात जाऊन पंत इतिहासाचे पाच खंड मागवतात. लेखक कोण, तर स्वतः पंतच! एखाद्या मराठी प्राध्यापकाला मिळालेला याहून मोठा मोक्ष मी वाचलेला नाही. चार खंड ओळखीचे, पाचव्यात इतिहास वळण घेतो. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना लागलेली गोळी इथे कानाजवळून निघून जाते. विश्वासराव जगतात, कंपनीचा जोर मुंबई, कलकत्ता, मद्रास एवढ्यापुरता उरतो आणि पुढचं सगळं बदलतं.

इथपर्यंत कथा हुशार आहे. आपली होते ती संध्याकाळी. पंत बाहेर पडतात आणि आझाद मैदानात त्यांना सभा दिसते. व्याख्यान चालू, व्यासपीठावर टेबल, आणि अध्यक्षांची खुर्ची रिकामी.

आता बघा. हा माणूस एका वेगळ्या विश्वात आहे. घर नाही, ओळख नाही, खिशात या जगात चालतील का याची शंका असलेले पैसे. शहाणा माणूस काय करेल? पंत थेट व्यासपीठावर जाऊन खुर्चीत बसतात. लोक ओरडतात, या देशात अध्यक्ष ही पद्धत आम्ही कधीच बंद केली, उठा. पंत उठत नाहीत. उलट ध्वनिक्षेपकापुढे जाऊन अध्यक्ष नसलेली सभा कशी अपुरी ते समजावू लागतात. मग टोमॅटो, अंडी आणि हाताला लागेल ते. गर्दी व्यासपीठावर चढते आणि त्या गडबडीत पंत पुन्हा आपल्या जगात येतात. पुढे त्यांचा मित्र राजेंद्र देशपांडे थॉमचा कॅटॅस्ट्रॉफी सिद्धांत आणि क्वांटम यांत्रिकी लावून झाल्या प्रकाराचा उलगडा करतो, ती पानं आपल्या परंपरेला धरून आहेत. मला मात्र कथा त्या खुर्चीपाशी आठवते. आर्थरला अनोळखी विश्वात चहा हवा असतो, पंतांना अध्यक्षपद. मराठी माणूस पृथ्वीबाहेर काय घेऊन जाईल याचं इतकं अचूक उत्तर मी दुसरीकडे वाचलेलं नाही. परदेशातल्या आमच्या मंडळांच्या निवडणुका ज्यांनी पाहिल्या आहेत ते साक्षीला येतील. हजार मैल समुद्र ओलांडून आलेली माणसं पहिल्या महिन्यात घर शोधतात, दुसऱ्यात भाजीवाला, आणि तिसऱ्यात घटना समिती स्थापन करतात. तीन वर्षं मीही खजिनदार होतो.

(जाता जाता एक योगायोग. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला साहित्य संमेलन झालं. अध्यक्ष म्हणून निवड झाली होती नारळीकरांची, आणि प्रकृतीमुळे त्यांना प्रत्यक्ष येता आलं नाही. मे २०२५ मध्ये ते गेले. खुर्चीचा विनोद लिहिणाऱ्या माणसाच्या बाबतीतच हे व्हावं!)

तर टेबलावर दचकला तो लखनौचा मित्र. म्हणाला, कोण, ते टोमॅटो खाणारे प्रोफेसर? २००६ साली एनसीईआरटीने अकरावीचं इंग्रजीचं ‘हॉर्नबिल’ हे पुस्तक काढलं त्यात ही कथा ‘द ॲडव्हेंचर’ या नावाने आहे. म्हणजे केंद्रीय अभ्यासक्रमाच्या मुलांनी ती देशभर वाचली आहे, बहुतेकांनी परीक्षेसाठी. लखनौकराला पानिपताचं काही सुखदुःख नव्हतं. तिकडचे लोक तर त्या लढाईत दुसऱ्या बाजूला होते, शुजाउद्दौला अवधचाच. पण पंत त्याला बरोबर आठवत होते, कारण त्याचे एक मामा अगदी तसेच. आपलं पात्र आपल्या सरहद्दीबाहेर ओळखलं जातं म्हटल्यावर मला त्या सकाळी कॉफी जास्त गोड लागली. इथे ती तशीही गोडच असते, तळाला आटवलेलं दूध असतं.

त्या उत्साहात मी घरी येऊन ‘द ॲडव्हेंचर’ माझ्या मुलाला वाचायला दिली. तो चौदा वर्षांचा, इथेच जन्मलेला. मराठी बोलतो, वाचायचा कंटाळा करतो. टोमॅटोंना तो हसला. कपाटात स्वतःचीच पुस्तकं सापडतात त्यालाही हसला. मग विचारलंन, बाबा, पण खरं कोण जिंकलं होतं?

आता ही कथा उभी आहे ती याच एका माहितीवर. लहानपणी आम्हाला पानिपत कुणी शिकवावं लागलं नाही. ते भाषेतच होतं. परीक्षेत नापास झालं तरी पानिपत आणि लग्नात वऱ्हाडाचा गोंधळ झाला तरी पानिपत. विश्वासरावांची गोळी हुकली हे वाचताना माझ्या पोटात काहीतरी हललं होतं. त्याच्या पोटात काही हलायचं कारण नव्हतं. नुसती हकिकत सांगून ते व्हायचं नाही हे माझ्या ध्यानात आलं, म्हणून मी त्याच्या शाळेतली तारीख घेतली. म्हटलं, १५ फेब्रुवारी १९४२ ला इंग्रजांनी सिंगापूर जपान्यांच्या हवाली केलंच नसतं तर? तो गप्प झाला. त्याच्या वर्गातल्या दोन मुलांच्या पणजोबांना जपान्यांनी त्या फेब्रुवारीत नेलं ते परत आले नाहीत. मग त्याने कथा पुन्हा हातात घेतली, आणि या वेळी सावकाश वाचली.

दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, यात एक गडबड आहे. कंपनी तीन शहरांपुरतीच उरली असती तर रॅफल्स इथे कसा आला असता?

मी तारखा काढून बसलो. जून १८१८ मध्ये दुसरा बाजीराव माल्कमला शरण गेला आणि पेशवाई संपली. फेब्रुवारी १८१९ मध्ये रॅफल्सने सिंगापूरचा करार केला. मध्ये आठ महिने. दोन्ही वेळी कलकत्त्याला गव्हर्नर जनरल एकच, लॉर्ड हेस्टिंग्ज. रॅफल्स कंपनीचाच नोकर, त्याच्याच परवानगीने निघालेला, आणि त्याच्या गलबतांवर होते बंगालचे शिपाई. पुढे १८६७ पर्यंत या बेटाचा कारभार हिंदुस्थानातूनच चालला. क्लेमेंटी हे नावसुद्धा इंग्रज गव्हर्नराचं. काका सेसिल क्लेमेंटी स्मिथ गव्हर्नर आणि पुतण्या सेसिल क्लेमेंटीही गव्हर्नर, आणि रस्त्याला नाव दोघांपैकी कुणाचं यावर इथले लोक अजून वाद घालतात. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं नसतं तर कलकत्त्याला पूर्वेकडे बघायला सवड मिळाली असती का, कोण सांगणार. चिन्यांशी व्यापार करायला डच होतेच. म्हणजे मिरजेत बसून ज्या जगासाठी मी लहानपणी हळहळलो, त्या जगात आमचा अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट नाही, ब्लॉक ४४८ नाही, मेट्रो नाही.

मुलाने बराच वेळ हिशोब केला. म्हणाला, मग तुम्ही मिरजेलाच असता. आजीजवळ.

असेन बहुधा, मी म्हटलं.

आणि मी?

कथेत एक जागा आहे जिच्यावर कुणी हसत नाही आणि परीक्षेतही प्रश्न येत नाही. त्या दुसऱ्या मुंबईत पोचल्यावर पंत आधी ग्रंथालयात जात नाहीत. ते एका कंपनीच्या कचेरीत जातात आणि विचारतात, विनय गायतोंडे इथे काम करतो का. विनय त्यांचा मुलगा. टेबलामागची मुलगी दूरध्वनीची यादी बघते, कर्मचाऱ्यांची यादी बघते, मग सगळ्या शाखांची बघते, आणि मान हलवते. मी त्याला ते पान काढून दिलं.